इट म्हणजे कोण

ग्रिम्झबीत, चॅपलच्या मागच्या खोलीत
मंगळवारी साडेसहाला इंग्रजीचा वर्ग भरतो.
दिवसभर हॅडॉक सोलून आलेले हात
लिंबाने घासले तरी वह्यांना वास लागतोच.
मॅव्हिसबाईंनी कधी नाक मुरडलं नाही;
त्यांचे वडील याच गोदीवरून आइसलँडच्या पाण्यात जायचे.

आज फळ्यावर: इट इज रेनिंग.
खिडकीबाहेर वाक्याचा पुरावा,
बारीक, तिरका, न संपणारा.

तेस्फालेमने हात वर केला.
इट म्हणजे कोण?

कोणी नाही, बाई म्हणाल्या.
याला डमी सब्जेक्ट म्हणतात.
इंग्रजी वाक्यात कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवत नाहीत,
कोणी नसेल तर याला आणून बसवतात.
शिंप्याच्या काचेमागे उभा असतो ना,
अंगावर कोट, मानेवर डोकं नाही, तसा.
त्याला नावगाव विचारायचं नसतं.

इट इज लेट. इट इज कोल्ड. इट इज ट्यूजडे.
आम्ही मागोमाग म्हटलं.

रासा म्हणाली, लिथुएनियात नुसतं "लीया".
एकच शब्द, की भिजलात.
तेस्फालेमच्या तिग्रिन्यात पाऊस पावसाचं काम
स्वतःच्या नावावर करतो.
मी हजेरीच्या वहीत मान घालून बसले होते.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
आमच्याकडे उजाडतं, सांजावतं, मळमळतं,
आणि यातलं कोणीच काही केलेलं नसतं.
शाळेत याला भावकर्तृक म्हणायचो, दोन मार्कांना यायचं.
यातला भाव नेमका कोणाचा, हे मास्तरांनी
पुढच्या तासाला सांगतो म्हणून ठेवलं
ते ठेवलंच.

चहाच्या सुट्टीत तेस्फालेमने
आतल्या खिशातून पत्र काढलं, डाव्या हाताने.
उजव्याचं बँडेज अजून पांढरंशुभ्र,
आत तीन बोटं आणि अंगठा.
कारखान्याचा कागद, जाड, वर निळा मासा.

इट इज रिग्रेटेड, की चार दहाला प्रकार घडला.
इट वॉज फाउंड, की यंत्रात दोष नव्हता.
इट हॅज बीन डिसायडेड, की शुक्रवारपासून
आपली गरज उरलेली नाही.

हा पावसातलाच इट ना, त्याने विचारलं.
म्हणजे यालाही नाव विचारायचं नाही?

टोमणा नव्हता त्यात. तो नियम पाठ करत होता.

बाईंनी कप खाली ठेवला.
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
वडील आले नाहीत त्या वर्षी आईला आलेलं पत्रही
याच शब्दाने सुरू झालं होतं, म्हणाल्या. इट इज फिअर्ड.
कोणाला भीती वाटत होती ते आई मरेपर्यंत विचारायची,
भांडी घासताना, नळाला.

मग लाल पेन घेतलं,
आमच्या चुकलेल्या "द"साठी वापरतात तेच,
तिन्ही इटांभोवती गोल काढले
आणि प्रत्येकावर लिहिलं: हू?
अर्ध्या तासापूर्वीचा स्वतःचाच नियम
इतक्या जोरात खोडला की कागदाला भोक पडलं.

खोलीत हीटरची टकटक.

रासा त्याच पट्ट्यावर काम करते, दोन जागा सोडून.
तिने बिस्कीट बशीत ठेवलं.
मिस्टर पिंचबेकने जाळी काढली, ती म्हणाली.
सोमवारी. मासे जोरात जावेत म्हणून.
मी बघितलं.

कर्ता, कर्म, क्रियापद, साधा भूतकाळ.
वर्षभरातली तिची पहिली बिनचूक तीन वाक्यं.

पुन्हा म्हण, बाई म्हणाल्या, आणि कोरा कागद पुढे ओढला.
तिने पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने,
नाव आधी.

फळ्यावर पाऊस तसाच पडत राहिला,
त्याला कोणी काही विचारलं नाही.